चित्राच्या पाठीवरचा अंगठा

आठ दिवस झाले, थोरली मला अहो-जाहो करते आहे. पोटची पोर. चाळीस वर्षं ‘आई, तू गप्प बैस, आई, तुला काही कळत नाही’ असं तोंडावर बोलली, आणि आता ताट पुढे ठेवून म्हणते, तुम्ही जेवून घ्या. भांडली असती तर मी भांडले असते. तिच्यापेक्षा दोन शब्द माझ्याकडे जास्तच निघाले असते. पण हा मान मी कुठे ठेवू? नको असलेल्या माणसाला दारातून परत पाठवताना द्यावा तसा मान ती मला देते आहे, आणि चूक तिची आहे. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, पण ते निदान आवाज तरी चढवतात. माझी शिरजोर हलक्या पावलांनी चालते आणि दार न वाजवता लावते.

काय झालं ते लिहून ठेवते. मी चार इयत्ता शिकलेली बाई, तेव्हा कुणी शुद्धलेखन बघू नये.

आमचा धंदा चेहऱ्यांचा. सासरे तेलरंगात माणसांची चित्रं करायचे. माणूस समोर बसवायचं, आठ-दहा दिवस रोज दोन तास, आणि कापडावर उतरवायचं. हात मोठा होता त्यांचा. गोरं माणूस बसलं की असं रंगवायचे की दुधावरची साय वाटावी. पण काळं माणूस बसलं की त्यांचा हात बिघडायचा. काळ्या रंगाची नळी पिळायची, त्यात थोडा तपकिरी, आणि समोरच्या जित्याजागत्या माणसाचा तवा करून टाकायचा. लोक बिचारे घेऊन जायचे. आपण असेच दिसतो असं त्यांना आधीच कुणी कुणी सांगितलेलं असायचं.

मी तेव्हा नुकती घरात आले होते. रंग घोटायचे, ब्रश धुवायचे. मी स्वतः काळी आहे. सावळी नाही, निमगोरी नाही, काळी. मला खूश करायला कुणी ‘सावळ्या आहात’ म्हणालं तर मी त्याला दुरुस्त करते. एकदा दुपारी खिडकीपाशी ब्रश धुताना माझा ओला हात उजेडात आला आणि मी बघतच राहिले. मनगटाच्या उंचवट्यावर निळं होतं. कोपराकडे जांभळं. पेरांवर गडद, नखांच्या कडेला विटेसारखं, आणि तळव्यात चक्क गुलाबी. सगळं होतं, फक्त काळा नव्हता. मी सासऱ्यांना म्हटलं, तुम्ही यांच्यात काळा का घालता, माझ्यात तर कुठे सापडत नाही. ते चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी एका हमालाचं अर्धं चित्र माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, हात तू कर. हात केले. पुढच्या चित्रात पाय. मग कान, मग मान. वर्षभराने चेहरा. शेवटी शेवटी ते मागे स्टुलावर बसून बघायचे आणि खोकायचे. त्यांचा खोकला म्हणजे शाबासकी. तेव्हापासून आमच्या पेटीत काळ्या रंगाची नळी नाही. केसांनासुद्धा नाही.

नवरा माझा देवमाणूस, पण चित्रात त्याची गती शून्य. तो कापडाच्या आतल्या लाकडी पट्ट्या जोडायचा, त्यावर कापड ताणायचा. लवकर गेला. धाकटी लेक लांब राहते. तेव्हा घरात राहिलो मी आणि थोरली.

माझी पद्धत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. मी फोटोवरून काम करत नाही. समोर हात पाहिजे. माणूस पहिल्या दिवशी बसलं की त्याचा हात उताणा करून घेते, सुरीच्या टोकावर रंग घेते आणि सुरी त्याच्या हाताला चिकटवून धरते. रंग वेगळा दिसला की परत फळीवर, थोडी भाजकी माती, थोडा निळा, थोडा तांबडा, परत हातावर. असं करत करत एक वेळ अशी येते की सुरीवरचा रंग दिसेनासा होतो. कातडी कुठे संपली आणि रंग कुठे सुरू झाला ते कळत नाही. मग मी त्यात अंगठा बुडवते आणि चित्राच्या मागे, लाकडाच्या पट्टीवर, उमटवते. तो त्या माणसाचा अंगठा, माझ्या बोटाचा पण त्याच्या रंगाचा. पुढे दहा दिवस काम चालतं, उजेड बदलतो, मन बदलतं, पण अंगठा मागे साक्षीला असतो.

लोक काय काय मागतात. जरा उजळ करा. मी म्हणते, उजळ हवं असेल तर दिवा लावा. एक सूनबाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आली होती, म्हणाली, यांना थोडं गोरं दाखवा, भिंतीवर बरं दिसेल. मी म्हटलं, जन्मभर यांना उन्हात राबवलंत, आता भिंतीवर चढवताना सावलीत बसवता होय? म्हातारा इतका हसला की त्याचं तोंड मिटेपर्यंत मला थांबावं लागलं. अशी माझी जीभ. तिच्यामुळे गिऱ्हाईक तुटतं, हे थोरलीचं म्हणणं. म्हणून पुढे काचेच्या खोलीत लोकांशी बोलायला ती बसायची, मी आत रंगवायची.

आणखी एक नियम, सासऱ्यांनी लावलेला आणि मी अभिमानाने पाळलेला. सही केली की चित्र भिंतीकडे तोंड करून ठेवायचं आणि परत बघायचं नाही. परत बघितलं की हात शिवशिवतो, आणि शिवशिवणारा हात चांगलं काम नासवतो. तेलरंग वाळायला सहा महिने लागतात, मग त्यावर व्हार्निशचे दोन हात मारायचे, मग चौकटवाल्याकडून चौकट, मग घरपोच. ते सगळं थोरलीचं, मागच्या खोलीत. मी त्या खोलीत पाऊल टाकत नसे. कुणाच्या घरी जाऊन आपलं चित्र बघणंही नाही. लोकच रस्त्यात थांबवून म्हणायचे, बाई, काय हात आहे तुमचा. मी मान हलवायची आणि पुढे जायची. माझा ताठा मोठा होता. त्या ताठ्याच्या पाठीमागे काय काय मावलं, ते आता कळलं.

थोरलीला मीच शिकवलं. डावखुरी आहे. नजर माझ्याहून बारीक. सतरा वर्षांची असताना मी तिला समोर बसवून तिचं चित्र केलं. ती माझ्यावर गेली आहे, रंगाने अगदी मी. गालाच्या हाडावर खिडकीचा निळा उजेड, कानाच्या पाळीत मागून येणारं ऊन लाल झालेलं, ओठांची कड जांभळी. एवढं चांगलं काम माझ्या हातून आधी झालं नव्हतं आणि नंतरही नाही. ते मी पुढच्या काचेत लावलं, रस्त्यावरून जाणाऱ्याला दिसेल असं. तेवीस वर्षं ते तिथे होतं. तेवढं एकच चित्र मी रोज बघायची.

गेली चार वर्षं माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. सगळं चहातून गाळल्यासारखं दिसायचं. तरी सुरी आणि हात यांचं गणित सुटलं नाही, कारण दोन्ही एकाच चहातून दिसत होते. दोन महिन्यांपूर्वी दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर डॉक्टरांचा कोट बघून मी म्हटलं, अहो, केवढा पांढरा आहे हा, धुता तरी कशात? ते म्हणाले, बाई, तो मळका आहे.

तर नऊ दिवसांपूर्वी सकाळी शिलाईवाली आली. पलीकडच्या रस्त्यावर तिचं शिवणाचं मशीन आहे, पडदे आणि गणवेश शिवते. चादरीत गुंडाळलेलं चित्र काखेत. थोरली कापड आणायला बाहेर गेली होती. चौकटवाल्याकडे गेले होते, पण त्याचं दार बंद, दात काढायला गेलाय, असं शिलाईवाली म्हणाली. चित्राची कडी निखळली होती. एवढ्याशा कामाला कशाला थांबता, मी बसवते म्हणून मी चित्र टेबलावर पालथं घातलं आणि चादर सोडली.

अंगठा दिसला आणि मी ओळखला. नाव विसरते मी माणसांचं, अंगठा नाही. हिचा नवरा. काचेच्या भट्टीवर कामाला होता. अकरा वर्षांपूर्वी माझ्यापुढे बसला होता. एवढा गडद माणूस मी क्वचित रंगवला असेन. पिकल्या जांभळासारखा, कपाळावर घाम आला की त्यात अख्खी खिडकी दिसायची. सुरीवरचा रंग त्याच्या हातावर नाहीसा झाला तेव्हा तो खुर्चीतच पुढे वाकला आणि म्हणाला होता, “अरेच्चा, हरवलो की मी.” आणि लहान मुलासारखा हसला होता.

कडीचं भोक बघून मी म्हटलं, हे एवढं मोठं कसं झालं, तुमची भिंत हलते का? ती म्हणाली, मी काढते ना खाली. कधी कधी रोज. मी म्हटलं, पुसायला?

“मागून बघायला,” ती म्हणाली. “मागे ते आहेत.”

मला काही कळेना. मी चित्र उलटं केलं.

समोर एक माणूस होता. नाक त्याचं. डोळे मी केलेले, त्यात संशय नाही. पण कातडी कुणाची होती कोण जाणे. दमट भिंतीला घाईने चुना मारावा आणि खालची ओल वर यावी तशी. गडद रंगावरून पातळ पांढरा ओढला की तो उजळत नाही, निळा पडतो, धुरासारखा. घामातली खिडकी गेली होती. कानाची लाली गेली होती. माणूस आजाऱ्यासारखा दिसत होता आणि खाली उजव्या कोपऱ्यात माझी सही होती.

मी विचारलं, हे कुणाकडून करून घेतलंत? माझा आवाज चढला असणार, कारण ती मागे सरकली. म्हणाली, कुणाकडून नाही बाई, तुमच्याकडून आलं तेव्हापासून असंच आहे.

मग ती हळूहळू बोलली. चित्र घरी आलं त्या दिवशी नवऱ्याने स्वतः चादर सोडली. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, “बाईंनी मला साबण लावला,” आणि हसला. पण त्यानंतर जेवताना तो त्या भिंतीकडे पाठ करून बसू लागला. दोन वर्षांनी गेला. जाईपर्यंत पाठ करूनच जेवला. ती म्हणाली, बोलायला यायचं खूपदा मनात आलं, पण तुमच्या हातचं काम, त्याला नावं कोण ठेवणार.

“मला वाटलं,” ती म्हणाली, “तुम्हालाही ते तसे नकोसे वाटले. तुम्ही स्वतः अशा, तरी तुम्हालाही. मग आम्ही कुणाकडे जायचं?”

मी तिला बसायला सांगितलं. कापूस घेतला, स्पिरिट घेतलं, तिची परवानगी घेतली. आधी कानाची कड, करंगळीच्या नखाएवढी. कापूस फिरवला तर त्यावर पिठासारखं फिकट काहीतरी आलं आणि कानाची पाळी लाल झाली. माझी पाळी. ते व्हार्निशच्या वरून मारलेलं होतं, व्हार्निशमध्येच पांढरा आणि जरासा पिवळा कालवून. खालचं सगळं जिथल्या तिथे होतं. मी गालावर आले, कपाळावर आले. तिरक्या उजेडात वरच्या हाताचे फटकारे दिसत होते, उजवीकडून डावीकडे वर चढणारे. या घरात डावखुरं माणूस एकच आहे.

तासभर लागला. खिडकी परत कपाळावर आली. शिलाईवाली उठून जवळ आली आणि तिने चित्राशेजारी आपला हात धरला, का ते तिलाच माहीत. मला वाटलं आता ही रडणार. ती रडली नाही.

“नऊ वर्षं उशीर झाला हो,” ती म्हणाली, आणि चादर घडी करायला लागली.

ती गेल्यावर मी मागच्या खोलीत गेले. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तीन चित्रं चौकटीची वाट बघत उभी होती. तिन्ही उलटी केली, अंगठे बघितले. सुलटी केली, तोंडं बघितली. एक गोदी-कामगार, एक शाळेतली शिपाईबाई, एक तरणाताठा पोस्टमन. तिघांनाही साबण लावलेला. आणि शिपाईबाईने तर बसताना मला स्वतः सांगितलं होतं, बाई, मला काही कमी करू नका, माझी आई अशीच होती.

एक गोष्ट तेव्हा डोक्यात उजेड पडल्यासारखी लख्ख झाली. भट्टीवरची, गोदीवरची, वीटकामावरची माणसं आधी माझ्याकडे रांगेने यायची. चार ठिकाणी विचारून यायची, की ती बाई आपल्याला आपल्यासारखं करते. गेल्या दहा वर्षांत ती येईनाशी झाली. मी म्हणायची, मोबाइल आले, आता कोण चित्राला बसतंय. मोबाइलला मी किती शिव्या दिल्या.

दुपारी चौकटवाला आला, गाल सुजलेला, तोंडात कापूस. सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या चौकटी ठोकतो, मला वहिनी म्हणतो. मी त्याला पोस्टमनचं चित्र दाखवलं, पुढून आणि मागून, आणि विचारलं, तुझ्या हातातून सगळी चित्रं जातात, तुला हे दिसलं नाही? तो म्हणाला, वहिनी, मी चौकट करतो, चौकटीच्या आतलं मी बघत नाही. मी म्हटलं, एक दात काढलाय तुझा, बाकीचे मी काढीन. मग तो खरं बोलला. बघितलं होतं, पहिल्यापासून. त्याला वाटलं, मला ठाऊक आहे. मीच सांगितलं असेल, नुसतं तोंडाने ताठ बोलते, आतून धंदा सांभाळते.

“सगळ्यांना तसंच वाटतं वहिनी,” तो म्हणाला. “त्यात काय एवढं. शहाणपणच म्हणायचं.”

म्हणजे अख्ख्या रस्त्यात एक मीच खरी समजत होते मला.

थोरली संध्याकाळी कापडाचा गठ्ठा घेऊन आली. टेबलावर तिन्ही चित्रं मी ओळीने मांडून ठेवली होती, शेजारी मळका कापूस. तिने बघितलं आणि गठ्ठा खाली ठेवला. घाबरली नाही. म्हणाली, आई, तुझे डोळे पिकले होते. तुला सगळं पिवळं दिसायचं, रंग गडद पडायचे, लोक कुरकुरायचे, तुझी अब्रू जाऊ नये म्हणून मी जरा सांभाळून घेत होते.

क्षणभर मला ते खरं वाटलं. वाटावं असं मला वाटत होतं, हेही लिहून ठेवते. डोळ्यांचा दोष माझ्यावर घ्यायला मी तयार होते. लेकीचा दोष मानायला नव्हते. पण मी विचारलं, मोतीबिंदू होऊन किती वर्षं झाली? ती म्हणाली, चार. म्हटलं, काचेच्या भट्टीवरचा बसला त्याला अकरा झाली. आणि सकाळी त्याची बायको आली होती.

मग ती खाली बसली आणि सगळं सांगितलं, सरळ आवाजात, जसं कुणा दुसरीचं सांगावं. तेरा वर्षांपूर्वी एक बाई पुढच्या खोलीत आली. काचेतल्या चित्राकडे बोट दाखवून म्हणाली, आमच्या वडिलांचं करायचंय, पण त्या पोरीसारखं काळंकुट्ट नको हं. हे तिने थोरलीलाच सांगितलं. समोर उभ्या असलेल्या थोरलीलाच, आणि हीच ती पोरगी हे त्या बाईला ओळखू आलं नाही. थोरलीने मान हलवली. सहा महिन्यांनी त्या चित्रावर तिने पातळ हात मारला, आणि ती बाई इतकी खूश झाली की जाताना परत परत थोरलीचा हात हातात घेत होती. मग दुसरं. मग तिसरं.

“दर महिन्याला कुणीतरी ते बोट दाखवायचं, आई,” ती म्हणाली. “तू आत असायचीस. तुला फक्त शाबासकी ऐकू यायची. मी पुढे बसायचे, माझ्याच चित्राखाली, आणि ऐकायचे. तू मला एकदा तरी विचारलंस, काचेत लावू का म्हणून?”

मी विचारलं नव्हतं. माझं सगळ्यात चांगलं काम होतं ते. माझ्या कामाला मी कुणाची परवानगी घेणार? आणि ती माझी लेक, तिचा चेहरा मला माझाच वाटायचा.

पण ते मी तेव्हा बोलले नाही. मी विचारलं, ज्यांनी मागितलं त्यांचं एक वेळ समजलं. या भट्टीवरच्या काचवाल्याने मागितलं होतं?

ती म्हणाली, नाही.

शिपाईबाईने?

नाही.

“मग?”

ती टेबलावरच्या कापसाकडे बघत राहिली. म्हणाली, “मला वाटलं, आनंद होईल त्यांना. मनातून सगळ्यांनाच हवं असतं. तोंडाने म्हणत नाहीत इतकंच.”

तेव्हा मला कळलं की हे गिऱ्हाइकासाठी नव्हतं, धंद्यासाठी नव्हतं. सगळ्यांनाच म्हणजे तिला. माझ्यापुढे जी काळी माणसं हसत बसली, हरवलो म्हणून हसली, त्यांच्यावर तिचा विश्वास बसला नाही. ती त्यांनाही स्वतःसारखंच दुखावलेलं धरून चालली, आणि मागच्या खोलीत एकेकाला पुसत गेली. मी इथे पुढून रंगवायची, ती तिथे मागून मिटवायची, आणि दोघींची सही एकच, माझी.

मी तिला त्या दिवशी काही बोलले नाही. बोलायला गेले असते तर तोंडातून काय आलं असतं ते देव जाणे. मी उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चहा आणला आणि म्हणाली, तुमचा चहा.

असे आठ दिवस. या आठ दिवसांत मी ब्रशला हात लावला नाही. चित्राला बसणाऱ्यांची खुर्ची पुढच्या खोलीत आणली आणि तिच्यात बसून मी रस्ता बघायची. काल दुपारी थोरली झोपली होती, तेव्हा स्टूल घेऊन काचेतलं तिचं चित्र खाली उतरवलं. तेवीस वर्षांची धूळ वरच्या पट्टीवर बसलेली. समोरून काही झालेलं नव्हतं. गालावर निळा उजेड, कानात ऊन, सगळं जागच्या जागी. तिथे तिला हात लावता आला नसता, रोज माझ्या डोळ्यांपुढे होतं ते. मी उलटं केलं. मागच्या पट्टीवर अंगठा नव्हता. सुरीने खरवडून काढला होता. एकदा नाही, खूपदा, खालचं लाकूड वाटीसारखं खोल जाईपर्यंत.

त्या खड्ड्यात मी बोट घातलं. माझा अंगठा त्यात बरोबर बसला. रात्री जेवण गेलं नाही. तिने विचारलं, तुम्हाला बरं नाही का. मी म्हटलं, बरी आहे.

कीव आली, खोटं कशाला सांगू. पण मग मला तो माणूस दिसायला लागला, भिंतीकडे पाठ करून जेवणारा. त्याला कुणाची कीव येणार होती? त्याने कुणाचं काय खरवडलं होतं?

आज सकाळी मी थोरलीला पुढच्या खोलीत बोलावलं. रिकाम्या काचेतून ऊन सरळ आत येत होतं. तिने काचेकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग खाली. म्हणाली, “तुम्ही सांगाल तसं.” मी तिला चित्राला बसणाऱ्यांच्या खुर्चीत बसवलं आणि उभ्यानेच बोलले.

“तुझं चित्र मी उतरवलं. न विचारता लावलं, तेवीस वर्षं ठेवलं, ते माझं चुकलं. तुझ्या तोंडावर सांगते आहे, भिंतीकडे बघून नाही. आता तुझं ऐक. माझा रंग तू बिघडवलास, ते मी गिळीन. पण तो काचवाला माझ्यापुढे एकदा स्वतःला बघून हसला होता, आणि तू त्याला माझ्या सहीने सांगितलंस की बाईंनाही तू असा चालत नाहीस. तो ते खरं धरून मेला. माफी द्यायची ती त्याने, आणि तो नाही. तेव्हा माझ्याकडे मागू नकोस, माझी नाही ती द्यायला. उद्यापासून कापूस आणि स्पिरिट घ्यायचं, वहीतले पत्ते घ्यायचे, आणि एकेका दारात जायचं. आधी सांगायचं, हे मी केलं, आईने नाही. मग विचारायचं, पुसू का? कुणी नको म्हणालं तर हात न लावता परत यायचं. एवढ्या वर्षांत एकदा तरी विचारून कर. शेवटचं दार होईपर्यंत व्हार्निशच्या खोलीची किल्ली माझ्याकडे राहील. आणि तोवर मला तुम्हीच म्हणत जा. तू म्हणण्याएवढी जवळ तू आत्ता नाहीस.”